काळ्या कापडापासून लेअर मास्कपर्यंत

लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुड गावी, एका शाळेत, संगणकावरील चित्रकामाचे दोन दिवसांचे शिबिर घेण्यासाठी आम्ही गेलो होतो. शिबिर शिक्षकांसाठी होते. तक्ते, प्रश्नपत्रिकेतील आकृत्या, स्नेहसंमेलनाचे फलक अशी कामे त्यांना स्वतः करता यावीत एवढाच हेतू. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत एक बाई वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन वस्तू घेऊन आमच्याकडे आल्या.

पहिली वस्तू म्हणजे भिंतीवर लावायचा, काचेच्या चौकटीतला मोठा फोटो. काळा कोट, टाय, नीट विंचरलेले केस, मागे निळसर पडदा. दुसरी वस्तू म्हणजे पोस्टकार्डाएवढा जुना कृष्णधवल गटफोटो. त्यात मागच्या रांगेतल्या एका माणसाला चेहरा नव्हता. तिथे कात्रीने कापलेले भोक होते.

बाईंचे वडील ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात गेले. ढिगाऱ्यातून जी एक पेटी निघाली तिच्यात त्यांचा हा एकच फोटो होता, तोही गटातला. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा म्हणून घरच्यांनी तो एका स्टुडिओत दिला. त्या काळच्या रीतीप्रमाणे स्टुडिओवाल्याने चेहरा कापला, कोटवाल्या तयार धडावर चिकटवला, सांधा ब्रशने बुजवला, त्याचा पुन्हा फोटो काढला आणि मोठा करून दिला. वडिलांनी आयुष्यात कधी कोट घातला नव्हता. त्यांच्या भुवईच्या वर बैलाचे शिंग लागल्याची खूण होती, तीही ब्रशखाली गेली.

"सर, हा कोट काढून वडिलांना परत गटात बसवता येईल का? होते तसे?" बाईंनी विचारले.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर होकारार्थी होते आणि अर्धे नकारार्थी. असे का, हे सांगायचे तर चित्रे जोडण्याच्या कलेचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास थोडा चाळावा लागतो. या इतिहासात दोन वाटा अगदी सुरुवातीपासून शेजारी शेजारी चाललेल्या दिसतात. एक वाट कापण्याची आणि दुसरी झाकण्याची. आज संगणकात ज्याला 'लेअर मास्क' म्हणतात तो दुसऱ्या वाटेचा वंशज आहे. (मास्क म्हटले की २०२० नंतर सर्वांच्या हाताला आपोआप नाक-तोंड आठवते. इथे त्याचा अर्थ 'चित्राचा काही भाग झाकणारे आवरण' एवढाच घ्यावा.)

झाकण्याची गरज पहिल्यांदा भासली ती आकाशामुळे. १८५० नंतर छायाचित्रे ओल्या कलोडियनचा लेप दिलेल्या काचेवर घेत. हा लेप निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील आणि हिरव्या-लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळा. त्यामुळे झाडे, जमीन नीट उमटेपर्यंत काच उघडी ठेवली की आकाश जळून पांढरेफटक होई, ढगांचा मागमूस राहत नसे. फ्रान्समधील गुस्ताव्ह ल ग्रे या छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची जी चित्रे केली त्यांतील काहींमध्ये समुद्राची निगेटिव्ह वेगळी आणि आकाशाची वेगळी आहे. कागदावर छापताना आधी आकाशाचा भाग झाकून समुद्र छापायचा, मग समुद्र झाकून आकाश. इंग्लंडमध्ये ऑस्कर रेजलँडर याने १८५७ साली तीसहून अधिक निगेटिव्ह अशाच क्रमाक्रमाने एका चित्रात छापल्या. एकेक आकृती छापताना उरलेला कागद झाकून ठेवायचा, असे काही आठवडे चालले होते.

यात एक गोष्ट नजरेआड होऊ देऊ नये. इतका खटाटोप झाल्यावरही प्रत्येक निगेटिव्ह जशीच्या तशी शिल्लक राहते. झाकण काळ्या कापडाचे किंवा कागदाचे. ते उचलले की खालचे सारे पुन्हा हजर. झाकण चुकले तर कागद वाया जातो, काच नाही.

आपल्याकडे हे तंत्र पोचायला वेळ लागला असेल अशी पुष्कळांची समजूत असते. पण मुंबईत छायाचित्रकारांची संस्था १८५४ सालीच स्थापन झाली होती. तिच्या संस्थापकांपैकी एक विल्यम जॉन्सन. त्याने मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे घेऊन त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पागोट्या, अंगरखे, लुगडी, दागिने, बसण्या-उभे राहण्याच्या ढबी. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची मुंबई पाहायची तर हे खंड म्हणजे खजिनाच. मात्र त्यांतील चित्रे बारकाईने पाहिली की माणसांवरचा उजेड एका दिशेचा आणि मागच्या देखाव्यावरचा दुसऱ्या दिशेचा असे कुठे कुठे आढळते. कारण साधे आहे. माणसे स्टुडिओत बसवून टिपलेली, मागचा देवळा-तळ्याचा किंवा समुद्रकाठचा देखावा वेगळ्या वेळी टिपलेला, आणि दोहोंची सांगड घालून एक चित्र केलेले.

जॉन्सनला कोणाला फसवायचे होते असे आम्हाला वाटत नाही. त्या काळी माणसाला काही सेकंद अजिबात न हलता बसावे लागे. भर रस्त्यात पाच-सात माणसांना तसे बसवणे कठीणच. तरीही परिणाम असा झाला की ज्या ठिकाणी ती माणसे कधी उभीच नव्हती त्या ठिकाणी ती आज कायमची उभी आहेत आणि वाचक ते चित्र 'त्या लोकांचे त्यांच्या जागी घेतलेले' म्हणून पाहतो. इतिहासाच्या तासाला छायाचित्र हा पुरावा म्हणून दाखवणाऱ्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर जवळ ठेवावे. 'खोटी चित्रे संगणकामुळे आली' हे विधान त्यामुळे जागच्या जागी तपासता येते.

आता दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला, हे विद्यार्थ्यांना पाठ असते. फाळके मुळात छपाईतले माणूस, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचे कलाभवन, गोध्र्याला फोटो स्टुडिओ, लोणावळ्याजवळ राजा रविवर्म्यांच्या छापखान्यातील काम, पुढे स्वतःचा छापखाना, आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे व तंत्र समजून घेण्यासाठी जर्मनीचा प्रवास. त्यांची चमत्कृतीची दृश्ये समजून घ्यायची तर या पूर्वायुष्याकडे पाहायला हवे.

शिळाछापावर रंगीत चित्र छापताना प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एका दगडावर फक्त पिवळा भाग, दुसऱ्यावर तांबडा, तिसऱ्यावर निळा. एकही दगड एकट्याने चित्र दाखवत नाही. सारे एकमेकांवर अचूक बसले म्हणजे लक्ष्मी किंवा सरस्वती उभी राहते. चित्र थरांचे बनते, हा विचार तिथे रोजच्या कामाचा होता. जस्ताचा ब्लॉक करताना तर मास्कच वापरतात. पत्र्याच्या ज्या भागावर आम्लाने काम करू नये तो भाग आम्लरोधक व्हार्निशने झाकायचा, बाकीचा आम्लात खाऊ द्यायचा, बाहेर काढायचा, आणखी थोडा भाग झाकायचा, पुन्हा आम्लात सोडायचा. अशा कामावर ज्याची नजर तयार झाली त्याला कॅमेऱ्यातील फिल्म हा आणखी एक पत्राच वाटला असेल तर नवल नाही. जिथे प्रकाश पडू दिला नाही तिथे फिल्म कोरी राहते आणि कोऱ्या जागेवर पुन्हा काम करता येते.

१९१२ साली फाळक्यांनी इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा आणला. तो हाताने फिरवायचा. त्या काळच्या अशा कॅमेऱ्यांत दांडा एकदा फिरवला की साधारण आठ चित्रे उमटत. किती फेरे झाले ते मोजून ठेवायचे, झाकण बसवून फिल्म तेवढेच फेरे मागे न्यायची आणि तिच्यावर दुसरे दृश्य घ्यायचे. फेरे मोजण्याची चिकाटी त्यांच्यात किती होती ते त्यांनी सुरुवातीलाच दाखवले. वाटाण्याच्या रोपाची वाढ त्यांनी रोज थोडी थोडी चित्रित केली आणि पडद्यावर रोप भराभर वाढताना दाखवून भांडवल मिळवले. विज्ञान शिकवणाऱ्यांना हा प्रसंग विशेष आवडावा.

'लंकादहन' (१९१७) चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. दोघे एका चौकटीत नसतील तोवर वेशभूषाच पुरते, कॅमेऱ्याने काही करायला नको. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) चित्रपटात मात्र कंसाला होणाऱ्या भासात त्याचे स्वतःचे मस्तक धडापासून सुटून वर जाते आणि परत येते. या प्रकारच्या दृश्याची जगभर चालत आलेली रीत अशी: पाठीमागे काळे मखमली कापड लावायचे, नटाचे अंगही काळ्या कापडाने झाकायचे, म्हणजे फिल्मवर फक्त डोके उमटते. मग फिल्म मागे नेऊन दुसऱ्या वेळी धड घ्यायचे. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएसने १८९८ सालच्या एका छोट्या चित्रपटात स्वतःची चार डोकी अशीच एकत्र दाखवली होती. काळे कापड प्रकाश परत पाठवत नाही, म्हणून फिल्मचा तो भाग दुसऱ्या खेपेसाठी शिल्लक राहतो. काळे नसते तर दोन्ही दृश्ये एकमेकांत मिसळून भुतासारखी पारदर्शक झाली असती. भुते हवी असतील तिथे तसेच करत, ही गोष्ट निराळी.

एकाच नटाला चौकटीच्या दोन्ही बाजूंना दाखवायचे असेल तर भिंगासमोर काळे पुठ्ठे धरत. आधी डावा अर्धा भाग झाकायचा, नंतर उजवा. इथे एक सुंदर भौतिकी दडलेली आहे. पुठ्ठा भिंगाच्या अगदी जवळ असल्याने त्याची कड फोकसमध्ये येत नाही, धूसर होते. कडेजवळच्या एखाद्या बिंदूवर पहिल्या खेपेला, समजा, ३० टक्के प्रकाश पोचला. दुसऱ्या खेपेला उलट बाजूचा पुठ्ठा नेमक्या त्याच रेषेवर बसवला असेल तर त्या बिंदूवर ७० टक्के प्रकाश पोचतो. बेरीज १००. म्हणून सांधा दिसत नाही. पुठ्ठा थोडा सरकला की बेरीज ९० किंवा ११० होते आणि पडद्याच्या मधोमध काळी किंवा पांढरी पट्टी उभी राहते. जुन्या दुहेरी भूमिकांच्या चित्रपटांत ती शोधण्याचा छंद आम्हाला शाळेत असताना होता.

हीच बेरीज पुढे गणितात गेली. १९७७ साली अमेरिकेत न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये एड कॅटमल आणि अ‍ॅल्वी रे स्मिथ संगणकावर चित्रे तयार करत होते. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा तीन अंकांनी सांगतात. त्यांनी प्रत्येक ठिपक्याला चौथा अंक जोडला. तो रंग सांगत नाही, तो ठिपका किती झाकतो ते सांगतो. या अंकाला त्यांनी अल्फा हे नाव दिले. १९८४ साली थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी अशा चित्रांच्या जोडणीचे सगळे नियम एका निबंधात मांडले. मुख्य सूत्र आठवीच्या विद्यार्थ्यालाही कळेल:

दिसणारा अंक = अल्फा × वरचा अंक + (१ − अल्फा) × खालचा अंक

वरच्या चित्रात एका ठिपक्याची उजळता २०० आहे, खालच्यात ८०, आणि अल्फा पाव म्हणजे ०.२५. मग दिसणारी उजळता ०.२५ × २०० + ०.७५ × ८० = ५० + ६० = ११०. पुठ्ठ्याच्या धूसर कडेवर जे आपोआप घडत होते तेच हे. आता पुठ्ठा सरकण्याची भीती मात्र उरली नाही.

मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेट करणारा थॉमस नॉल आणि चित्रपटांच्या चमत्कृतीदृश्यांचे काम करणारा त्याचा भाऊ जॉन यांनी १९८७ पासून जो प्रोग्राम घडवला तो फेब्रुवारी १९९० मध्ये अ‍ॅडोबी कंपनीने फोटोशॉप या नावाने बाजारात आणला. थॉमसच्या वडिलांची घरी, तळघरात अंधारखोली होती आणि तो तिथेच फोटो धुवायला शिकला होता. तरीसुद्धा फोटोशॉपच्या पहिल्या आवृत्त्यांत थर नव्हते. एक चित्र दुसऱ्यावर आणून सोडले की खालचे ठिपके कायमचे पुसले जात, आणि केलेली कृती एकच पायरी मागे घेता येई. म्हणजे संगणक आला तरी पद्धत कात्रीचीच राहिली होती. थर आणि त्यांचे मास्क १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आले. अनेक पायऱ्या मागे जाण्याची सोय तर १९९८ मध्ये पाचव्या आवृत्तीत आली.

इतका उशीर का, याचे एक कारण हिशेबाने दिसते. १० × १५ सेंटिमीटरचा फोटो इंचाला ३०० ठिपके घेऊन स्कॅन केला तर सुमारे २१ लाख ठिपके होतात. प्रत्येकी तीन बाइट धरले तर ६३ लाख बाइट. दुसरा थर घेतला की आणखी ६३ लाख, मास्कचे २१ लाख वेगळे. त्या वेळच्या सामान्य संगणकाची पूर्ण स्मृती याच्या आसपास असे. आज हा भार खिशातल्या मोबाइलला जाणवतसुद्धा नाही.

अमेरिकेतच बर्कली येथे स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये गिम्प हा प्रोग्राम लिहायला घेतला. तो विनामूल्य आहे, त्यातही थर आणि मास्क आहेत, आणि शाळेने तोच वापरावा असे आम्ही सुचवतो. मुरुडलाही आम्ही तोच वापरला.

मास्क समजावताना शिक्षकांपुढे आम्ही जुना सायक्लोस्टाइल मांडला. तासाभराचे भाषण वाचले. मेणाच्या कागदावर टाइप केले की अक्षराच्या जागी मेण बाजूला होते आणि तिथूनच शाई खाली उतरते. चूक झाली तर बाटलीतला करेक्शनचा द्रव लावायचा. भोक बुजते, मग पुन्हा टाइप करायचे. प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या कागदाला या सगळ्याचा पत्ताही नसतो. लेअर मास्क हा तसाच कागद. थराला मास्क जोडला की चित्राच्या शेजारी दुसरा छोटा पांढरा चौकोन दिसतो. तिथे पांढरे म्हणजे उघडे, काळे म्हणजे बुजलेले. काळ्या ब्रशने रंगवले की वरच्या थराचा तेवढा भाग दिसेनासा होतो, पांढऱ्याने रंगवले की परत येतो. मेणकागदाला न जमणारी एक गोष्ट मात्र याला जमते. काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडीच्या छटा आहेत. ० ते २५५ अशा एकूण २५६ पायऱ्या, आणि त्याच सूत्रातला अल्फा ठरवतात. केसांच्या कडा, धूर, पातळ पदर अशा जागी कात्री हरते, राखाडी रंग हरत नाही.

नवशिक्याची नेहमीची चूक सांगून ठेवतो. काम करताना छोटा मास्क निवडलेला आहे की चित्र, हे आधी पाहावे. पहिल्या तासाला निम्म्या मंडळींनी थेट चित्रालाच काळे फासले. दुसरी चूक अधिक महागाची आहे. काम झाल्यावर फाइल फक्त जेपेग म्हणून साठवली तर सगळे थर एकजीव होतात आणि झाकलेला भाग खरोखरच जातो. गिम्पची स्वतःची एक्ससीएफ किंवा फोटोशॉपची पीएसडी फाइल वेगळी राखावी. गावातल्या स्टुडिओत जुना फोटो दुरुस्तीला दिला तर तयार फोटोबरोबर मूळ फोटोचे हात न लावलेले स्कॅनही मागून घ्यावे.

बाईंच्या फोटोंकडे आम्ही संध्याकाळी वळलो. दोन्ही फोटो स्कॅन केले. गटफोटो खालचा थर, चौकटीतला फोटो लहान करून वरचा. वरच्या थराला काळा मास्क जोडला आणि पांढऱ्या ब्रशने फक्त चेहरा उघडला. कोट, टाय, निळसर पडदा सारे मास्कखाली गेले. चेहरा भोकात बसला. पण नीट बसला नाही. कात्रीने कापताना कानांच्या आणि हनुवटीच्या बाहेरची एक बारीक कड कायमची गेली होती, गळ्याजवळ सदऱ्याची पट्टीही. तिथे खाली काही नव्हते आणि वरही नव्हते. कोणताही मास्क जे उरलेच नाही ते दाखवू शकत नाही.

ती कड शेजारच्या छटा पाहून भरणे अवघड नव्हते. ती आम्ही तिसऱ्या, वेगळ्या थरावर भरली आणि थराला 'अंदाज' असे नाव दिले. थराच्या शेजारचे डोळ्याचे चिन्ह दाबले की अंदाज नाहीसा होतो आणि कात्रीची पांढरी रेघ दिसते. पुन्हा दाबले की ती बुजते. बाईंनी ते तीन-चार वेळा करून पाहिले.

मग त्यांनी खुणेचे विचारले. शिंगाची ती खूण काढता येईल का? स्टुडिओच्या ब्रशने ती मूळ कागदावरच पुसली होती, त्यामुळे परत आणता येण्यासारखे काही नव्हते. काढता आली असती, पण नव्याने, आठवणीवरून. आम्ही चौथा थर घेतला आणि विचारले, "कोणत्या बाजूला होती?" बाई म्हणाल्या, डाव्या भुवईवर. शेजारी उभे असलेले त्यांचे थोरले बंधू म्हणाले, उजव्या. दोघेही ठाम होते. थोडा वेळ बोलणे झाले, मग बंधूंनी औशाच्या आत्याला फोन लावला. आत्या शेतात गेल्या होत्या. आम्हाला परत निघायचे होते, म्हणून चौथा थर कोराच ठेवून फाइल साठवली आणि पेनड्राइव्ह बाईंच्या हाती दिला.